फसलेल्या प्रयोगांचं कलम

सरकारी नोकरीत सुखाने राहायचं असेल तर फायलीवर स्वतःचं मत लिहू नये. ‘आदेशार्थ सादर’ एवढंच लिहावं आणि फाईल पुढे ढकलावी. मी हे पहिल्या वर्षातच शिकले. धम्मदिनाताई माझ्या वरिष्ठ, ऊर्जा विभागात कक्ष अधिकारी, आणि त्या हे अजून शिकलेल्या नाहीत. “मत द्यायचं नसेल तर पगार कशाचा घेतो गं आपण, विनिता?” असं त्या विचारतात. अशा बाईच्या हाताखाली काम करणं म्हणजे रोज परीक्षेला बसणं आहे.

त्या भिवंडीजवळच्या टेमघरच्या, मी त्याच रस्त्यावरच्या कशेळीची. मंत्रालयातून परतताना आम्ही एकाच गाडीतून येतो. माझं सासर जमीनवाल्यांचं. सासरे दौलतराव यांची वडप्याला दोन गोदामं आहेत, आणि सुनेने नोकरी का करावी हे त्यांना अजून कळलेलं नाही. ताईंचं घर कष्टाचं. वडील नामाकाका भिवंडीच्या एका कारखान्यात लूमचे, म्हणजे यंत्रमागांचे, फिटर होते. आई मीराबाई त्याच कारखान्यात विणून आलेलं कापड तपासायची. पोरगी वीज विषयातली इंजिनीअर झाली, मग स्पर्धा परीक्षा देऊन सरकारात आली. उंच बाई, भराभर चालणारी, खळखळून हसणारी. साहेबांच्या केबिनमधून तिचं हसणं ऐकू आलं की आम्ही समजायचो, आज साहेब हरले.

तर झालं असं, की सरकारने प्रगत ऊर्जा संशोधनासाठी एक अभिकरण काढायचं ठरवलं. म्हणजे काय, तर वीज, उष्णता, बॅटरी यांतल्या ज्या कल्पना अजून बाजारात नाहीत, ज्यांवर कुठली बँक पैसा लावणार नाही, त्यांना पैसे द्यायचे. दहांतल्या दोन चालल्या तरी राज्याचं भलं. ह्या अभिकरणाचे नियम लिहायचं काम आमच्या टेबलावर आलं. सरकारी काम, सहा महिने थांब, असं मी मनात म्हणाले आणि फाईल कपाटात ठेवायला निघाले. ताईंनी ती माझ्या हातातून काढून घेतली.

विभागाची अशीच एक जुनी योजना होती. ताईंनी तिची सगळी प्रकरणं मागवली, बसून वाचली आणि गाडीत मला म्हणाल्या, “एकही प्रयोग फसलेला नाही गं.”

“मग चांगलंच आहे की.”

“चांगलं कसलं! संशोधनात काहीच फसलं नाही, म्हणजे संशोधनच झालं नाही. सगळ्यांनी आधीच चालत असलेली वस्तू आणली, रंग बदलला आणि पैसे नेले.”

कारण उघड होतं. जुन्या योजनेत नियम होता, प्रयोग फसला की दिलेला सगळा पैसा वसूल आणि वर चौकशी. मग शहाणा माणूस नवं काही करायला कशाला जाईल? पास होण्याची खात्री असलेलाच पेपर तो देणार.

म्हणून ताईंनी नव्या नियमांत एक कलम घातलं. प्रामाणिकपणे केलेला प्रयोग फसला, तर निधीची वसुली होणार नाही. एवढ्यावर थांबतील तर त्या धम्मदिनाताई कसल्या? टिपणीत त्यांनी खाली लिहिलं, की हे कलम माझ्या शिफारशीने घेतलं आहे आणि त्याची जबाबदारी माझी आहे. त्या वर्षी त्यांचं नाव अवर सचिवाच्या बढतीच्या यादीत होतं. उद्या कुणी पैसा बुडवला असता, तर चौकशी थेट त्यांच्यावर आली असती आणि बढती गेली असती. मी स्पष्ट म्हटलं, “ताई, हे हात दाखवून अवलक्षण आहे.”

“असू दे. हात माझा आहे,” त्या म्हणाल्या.

बैठकीला वित्त विभागाचे यादवसाहेब आले. हा माणूस कडक. खोट काढायची म्हणून नव्हे, पण शंका विचारल्याशिवाय त्याची सही होत नाही. त्यांनी कलम वाचलं आणि चष्मा काढून ठेवला. “मॅडम, जनतेचा पैसा. बुडाला तर माफ, असं कुठे असतं का?”

“भिवंडीला असतं,” ताई म्हणाल्या. मी कपाळाला हात लावायचीच बाकी होते.

ताईंनी त्यांना सांगितलं, की लूमवर नव्या जातीचं कापड पहिल्यांदा चढवलं, की पहिल्या ताक्याला त्यांच्या वडिलांच्या कारखान्यात नमुन्याचा ताका म्हणत. ताका म्हणजे लूमवरून उतरलेलं अखंड कापड. एरवी कापडात दोष निघाला की विणकराच्या मजुरीतून दंड कापायचा. नमुन्याच्या ताक्याला मात्र दंड नाही. नवं कापड आहे, पहिल्यांदा चुकणारच, हे शेठलाही मान्य. “लूमवाल्या शेठला जे समजतं, ते सरकारला समजू नये?” ताई ऐटीत म्हणाल्या.

यादवसाहेब हसले. “छान आहे. पण मी लबाड विणकर असतो, तर रोज म्हणालो असतो, साहेब, हा नमुन्याचाच ताका. ज्याने पैसे खाल्ले तोही म्हणेल, प्रयोग फसला. खरा फसलेला आणि लबाड, ओळखणार कसा?”

ताईंनी कलम पुन्हा वरपासून वाचलं. लबाडाला अडवणारं त्यात काही नव्हतं. कलमावर फुली पडली. पुढच्या बैठकीत एक तर ह्याचं उत्तर आणा, नाहीतर जुनाच वसुलीचा नियम ठेवा, असं ठरलं. जुना नियम राहिला असता, तर अभिकरण जन्मलं असतं, पाटी लागली असती, फीत कापली गेली असती, आणि आत पुन्हा तेच रंग बदलणारे येऊन बसले असते.

परतताना कशेळीला नेहमीसारखे कंटेनर अडकले होते. मी यादवसाहेबांना मनसोक्त शिव्या घातल्या. अशी माणसं आयुष्यात एक खिळा ठोकत नाहीत आणि दुसऱ्याच्या हातोड्यात खोट काढतात, असं बरंच काही बोलले. ताई खिडकीतून बाहेर बघत होत्या.

“तो बरोबर बोलला, विनिता. मला त्याचाच राग येतोय.”

मला उतरू न देता त्यांनी टेमघरला नेलं. म्हणाल्या, चहा घेऊन जा. खरं तर त्यांना एकटीने घरात शिरायचं नव्हतं. हरून घरी जायची सवय नव्हती बाईला.

मीराबाई दारातच लसूण सोलत बसल्या होत्या. मी “जय भीम, आई” म्हटलं. त्यांनी माझ्याकडे पाहून मान डोलावली आणि मग लेकीच्या तोंडाकडे पाहिलं. “काय झालं गं? कोन मेलं?”

“कुणी नाही. माझं कलम मेलं,” ताई म्हणाल्या, आणि पायऱ्यांवर बसून त्यांनी सगळी बैठक आईला सांगितली. नमुन्याच्या ताक्याची गोष्ट आली, तशा मीराबाई लसूण सोलायच्या थांबल्या आणि हसायलाच लागल्या. पदर तोंडाला लावून हसत होत्या.

“अगो, अर्धीच गोष्ट सांगून आलीस तू! आन दोरा?”

“कसला दोरा?”

“दंड न्हाय ही गोष्ट खरी. पन दोरा बांधाय लागायचा ना! जिथं धागा तुटला, जिथं जाळी पडली, तिथं काठाला लाल दोरा. विनकरानंच बांधायचा, त्याच्याच हातानं. आन मला येऊन सांगायचं, ह्यो दोष कशानं आला.”

“आणि नाही बांधला तर?”

“तर पुऱ्या ताक्याचा दंड. मी ताका उजेडाला धरून बघायची. चूक केली म्हनून न्हाय दंड, लपवली म्हनून.”

ताई आईकडे बघतच राहिल्या. “मला हे कसं ठाऊक नाही?”

“तुला कशाला ठाऊक असंल? तू बारकी. नमुन्याच्या दिवशी दंडावरून विनकरांची कटकट न्हाय, म्हनून तुझा बाप हसत घरी यायचा, तेवढंच तू बघितलंस.” मग त्या जरा थांबल्या आणि म्हणाल्या, “त्या दोऱ्यांवरच तर तुझा बाप लूम लावायचा. कुठं तान जास्त, कुठं कमी, ते दोरं बघून कळायचं. दोराच न्हाय तर दुसरा ताका कशाच्या जोरावर विनायचा?”

ताई उठल्या आणि त्यांनी आईच्या गालाची जोरात पापी घेतली. मीराबाईंच्या मांडीवरचा लसूण सगळा ओट्यावर सांडला. “आता ही वेडी झाली,” मीराबाई मला म्हणाल्या. मला त्या घरात इतकं बरं वाटलं, की मी चहाच्या ऐवजी जेवूनच निघाले. घरी दौलतरावांची बोलणी खाल्ली.

दुसऱ्या बैठकीत कलम दोन भागांचं झालं होतं. पहिला भाग तोच, फसलं तर वसुली नाही. दुसरा भाग असा, की प्रयोग कुठे बिघडला, कशाने बिघडला, हे संशोधकाने स्वतःहून, वेळच्या वेळी, पुराव्यासकट सांगायचं. सांगितलं तर माफ. लपवलं आणि तपासणीत सापडलं, तर सगळा पैसा परत आणि पुन्हा कधी अर्ज नाही.

“परवा मी तुम्हाला अर्धीच गोष्ट सांगितली, साहेब,” ताई म्हणाल्या. “उरलेली आईकडून घेऊन आले.”

यादवसाहेबांनी दोरा ऐकला, कलम पुन्हा पुन्हा वाचलं, आणि ह्या खेपेला चष्मा डोळ्यांवरच राहिला. त्यांनी पेन घेऊन आणखी एक ओळ घातली. फसल्याचा अहवाल विभागाच्या कपाटात राहणार नाही, तो सगळ्यांना वाचता येईल असा खुला ठेवायचा. “नाहीतर तुमचे दोरे बांधलेले ताके तुमच्याच गोदामात कुजतील,” ते म्हणाले. खरं सांगते, कलमात जीव आला तो त्या ओळीने. मी त्यांना घातलेल्या शिव्यांतल्या निम्म्या मनातल्या मनात परत घेतल्या. निम्म्या ठेवल्या, पुढे लागतील म्हणून.

सही करताना ते थांबले. “मॅडम, ती जबाबदारीची ओळ काढून टाका. नियम आता सगळ्यांचा झाला. तुम्ही एकट्या कशाला अडकता?”

“राहू द्या, साहेब. दुसऱ्यांना उघड बोलायला लावणार, आणि मी माझंच नाव खोडू?”

अभिकरण झालं. पाटी लागली, फीतही कापली गेली. अर्ज मात्र पूर्वीसारखे नव्हते. काही इतके अचाट, की वाचताना मला वाटे, ही पोरं जेवतात तरी की नाही. पहिल्या निवडीत सोनल नावाच्या मुलीचा चमू होता. तिची कल्पना आमच्या भिवंडीच्या कामाची. लूमवर चढण्याआधी सुताला खळ लावतात आणि वाफेने वाळवतात. त्याला सायझिंग म्हणतात. ती वाफ करायला बॉयलरमध्ये लाकडं, चिंध्या, मिळेल ते जाळतात आणि धूर सगळ्या वस्तीला. सोनल म्हणाली, दिवसाच्या उन्हाची वीज घेऊन खास विटा लाल होईस्तोवर तापवू, उष्णता विटांत साठवू आणि हवी तेव्हा वाफ काढू. एका सायझिंगवाल्याने जागा दिली.

सुरुवातीला वाफ निघाली. आम्ही बघायला गेलो, टाळ्या वाजवल्या. मग तापणं आणि निवणं, तापणं आणि निवणं, ह्यात विटा तडकायला लागल्या. पुढे पुढे तर आतून चुराच निघू लागला. प्रयोग साफ फसला.

विभागात लगेच कुजबुज. ‘बघा, पहिलाच बुडाला.’ ताईंची बढती ‘अभिकरणाच्या पहिल्या आढाव्यापर्यंत’ थांबवून ठेवलेली होतीच. एका गृहस्थाने सोनलला सल्लाही दिला, ‘अंशतः यशस्वी’ असं लिही, सगळ्यांची अब्रू राहील. सोनल अहवाल घेऊन आली आणि तो टेबलावर पालथा ठेवून उभी राहिली. ताईंनी तो तिच्यासमोर उघडला. पहिल्याच ओळीत लिहिलं होतं, हा प्रयोग अयशस्वी झाला आहे. पुढे कुठल्या तापमानाला तडा गेला, कुठल्या बाजूने गेला, सगळे फोटो.

ताईंनी शिपायाला पेढे आणायला पाठवलं. सरकारी कचेरीत नापास झाल्याचे पेढे मी पहिल्यांदाच खाल्ले. सोनलने एक उचलला आणि तो हातात धरूनच रडली.

ऑडिटवाले आले तेव्हा त्यांनी मागण्याआधीच ताईंनी तो अहवाल त्यांच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी कलम वाचलं, अहवाल वाचला, सायझिंगमध्ये जाऊन विटांचा चुरा पाहिला, खर्च ताडून बघितला. आक्षेप निघाला नाही. बढती झाली, पण इतरांच्या मागून. ताईंना त्याचं वाईट वाटलं का? वाटलं. त्यांनी तसं मला सांगितलं आणि मग डबा उघडला.

पुढच्या फेरीचे अर्ज उघडत असताना ताईंनी मला जवळ बोलावलं. विदर्भातल्या एका कॉलेजातल्या मुलांचा अर्ज होता. त्यांनी लिहिलं होतं, ‘भिवंडीच्या प्रयोगाचा खुला अहवाल आम्ही वाचला. वीट कुठे आणि का तडकते ते त्यांनी शोधून ठेवलं आहे, म्हणून आमचं काम तिथून पुढे सुरू होतं. आम्ही विटेचा आकार आणि माती दोन्ही बदलणार आहोत.’

ताईंचे डोळे भरून आले होते. त्यांनी ते पुसले नाहीत. तिथेच फोन उचलून त्यांनी सोनलला लावला, स्पीकरवर टाकला आणि तो मजकूर वाचून दाखवला.

तिने तो पुन्हा एकदा वाचायला लावला.

मग सोनल म्हणाली, “मॅडम, त्यांना माझ्या तडकलेल्या विटा पाठवू का? मी एकही टाकलेली नाही.”