सुपर तबकडी आणि माझे कान

आमचे हे निवृत्त झाले आणि घरात तबकड्यांचा सुळसुळाट झाला. साधी सीडी जगाला पुरते, ह्यांना पुरेना. आधी डीव्हीडी-ऑडिओ आणली. तिच्यातला राग निवडायला म्हणे टीव्ही लावायचा. मी म्हटलं, "अहो, सतार ऐकायचीय की बातम्या?" मग ब्लू-रे आली, ती सुरू व्हायच्या आधी पडद्यावर चक्र फिरवत बसायची. शेवटी सुपर ऑडिओ सीडी आली, तिचा वेगळा प्लेअर आला, आणि वादक समोर बसल्यासारखा वाटतो असं ह्यांनी जाहीर केलं.

दर रविवारी सकाळी कर्वेनगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये तुलना चालायची. ह्यांचे दोन मित्र यायचे, एक बँकेतून निवृत्त झालेले, दुसरे दातांचे डॉक्टर. सतारीचं एकच ध्वनिमुद्रण आधी साध्या सीडीवर आणि मग सुपरवर लावायचं. "आता साधी," हे सांगायचे. "आता सुपर." की तिघांचे डोळे मिटलेच. दिव्याने लक्ष विचलित होतं म्हणून ह्यांनी प्लेअरच्या डिस्प्लेवर पहिल्याच आठवड्यात काळी पट्टी चिकटवून टाकली होती. जरा वेळाने बँकवाले म्हणायचे, "वा! तरफेच्या त्या खालच्या बारीक तारा बघा कशा उठल्यात." डॉक्टर म्हणायचे, "मोकळेपणा आहे हो, मोकळेपणा." आणि हे सगळ्यांत जोरात मान डोलवायचे.

मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी असायचे. मला शप्पथ काही फरक कळायचा नाही.

दुसरी कोणी असती तर हसून सोडून दिलं असतं. पण मी तीसेक वर्षं गाण्याचा क्लास घेते. कानावरच तर पोट आणि अब्रू दोन्ही. त्यातून पावसाळ्यात मला जबरदस्त सर्दी झाली होती, महिनाभर कानाला दडे बसले होते. दडे सुटले, पण मनातली शंका सुटेना. आमच्याकडे गाण्याच्या बैठकीत 'मला कळलं नाही' असं म्हणायची पद्धतच नाही, मान डोलवायची आणि गप्प बसायचं. मीही पहिल्या रविवारी "छानच आहे" म्हणून बसले, मग परतीची वाट बंद झाली. तीन जणांना ऐकू येतं ते मला येत नाही, म्हणजे माझेच कान गेले, दुसरं काय! पोरी गात असताना मला वाटायचं, सूर खरंच ऐकू येतोय की सवयीने अंदाज बांधतेय? कानाच्या डॉक्टरकडे जायला पाय उचलत नव्हता. डॉक्टरांनी 'कान गेले' असं कागदावर लिहून दिलं असतं तर काय केलं असतं मी?

शेवटी पोरींच्या आयांना सांगून टाकलं, दिवाळीनंतर क्लास बंद. ह्यांनी विचारलं, तर म्हटलं, "कंटाळा आला." त्या दिवशी बाथरूमचा नळ सोडून मी पोटभर रडले.

दिवाळीची साफसफाई काढली होती. हे फिरायला गेले होते. प्लेअर ओल्या फडक्याने पुसताना ती काळी पट्टी सुटून हातात आली. आता माझी कंबख्ती, असं म्हणत मशीन बिघडलं नाही ना बघायला मी सुपर तबकडी लावली. डिस्प्लेवर अक्षरं उमटली, 'सीडी'. कव्हर पाहिलं, तबकडी तर सुपरच होती. मग माहितीपुस्तिका शोधली. ती प्लॅस्टिकच्या पिशवीत जशीच्या तशी होती, कारण ह्यांच्या मते ती ज्यांना कळत नाही त्यांच्यासाठी असते. आत स्वच्छ लिहिलं होतं: अशा तबकडीत दोन थर असतात, एक साधा, एक सुपर. कुठला वाजवायचा ते रिमोटवरच्या बटणाने ठरवायचं, आणि ठरवलेलं मशीन लक्षात ठेवतं. आमचं मशीन आल्या दिवसापासून साधाच थर वाजवत होतं!

मी तिथेच जमिनीवर फतकल मारून बसले. फरक नव्हताच. नव्हता म्हणून ऐकू आला नव्हता. माझे कान शाबूत होते. देवा रे, छातीवरचा धोंडाच उतरला.

हे आले, तसा मी डिस्प्ले दाखवला. ह्यांनी पुस्तिकेतली ती ओळ दोनदा वाचली.

"म्हणजे इतके महिने आपण साधीच ऐकत होतो?"

"हो."

"आणि त्यांच्या त्या उठलेल्या तारा?"

"साध्याच."

मला वाटलं, आता चिडतील. तर हे सोफ्यावर बसले आणि हळूच म्हणाले, "अगं, मला कधीच फरक ऐकू आला नाही. वाटलं, वय झालं, कान गेले. एवढ्या हौसेने मशीन आणलं, आता कुठल्या तोंडाने सांगू? म्हणून नवनव्या तबकड्या आणत होतो. एखाद्या तरी तबकडीत ऐकू येईल म्हणून."

"कमाल आहे तुमची!" मी ओरडलेच. "मी क्लास बंद करायला निघाले ह्याच्यापायी!"

"तू तर म्हणालीस, कंटाळा आला."

"आणि तुम्ही म्हणालात, वादक समोर बसलाय."

दोघंही हसत सुटलो. हसता हसता ह्यांनी चष्मा काढून डोळे पुसले, आणि मी तिकडे बघितलं नाही. मग बटण दाबून खरा सुपर थर लावला. फरक होता का? किंचित असावा, पैजेवर सांगणार नाही. आता ते सांगायला मला मुळीच लाज वाटत नव्हती.

दुपारी मी एकेका आईला फोन लावला. क्लास चालू राहणार, उद्या पाचला पाठवा. सगळ्यात लहान मुलीच्या आईला आणखी एक सांगितलं, "परवा तिचा निषाद सुरातून खाली उतरला होता. मला ऐकू आला होता, पण मी बोलले नाही. उद्या आधी तोच घेऊ."