आईची सहा मिनिटं

आईच्या फुफ्फुसांचा आजार कळला, तेव्हा आम्ही तिला बाजेवर बसवलं. चांदूर रेल्वेजवळ आमची फुलशेती आहे, झेंडू आणि शेवंतीची; शेती भाऊ बघतो. तिला धाप लागायची म्हणून आधी फुलं तोडणं बंद केलं, मग पाणी भरणं, मग स्वयंपाक. दोन वर्षांत ती बाजेवरून फक्त संडासासाठी उठू लागली, आणि तेवढ्यानंही थकायची. आपण तिची चांगली काळजी घेतो आहोत, असं मला वाटत होतं.

मी अमरावतीला शिक्षक आहे. तिथल्या छातीच्या डॉक्टरांनी तिला औषधांबरोबर व्यायाम लिहून दिला. आठ आठवडे, आठवड्यातून दोनदा. जिला चालताना धाप लागते ती व्यायाम कसा करणार, असं मी विचारलं. ते म्हणाले, बसून बसून पायांतली ताकद गेली आहे, आणि कमजोर पायांना जास्त दम लागतो. फुफ्फुसं पहिल्यासारखी होणार नाहीत, पाय बरेच सुधारतील.

म्हणून आई अमरावतीला आमच्याकडे राहायला आली, आणि बायको तिला अंघोळ घालू लागली. पहिल्या दिवशी व्यायाम घेणाऱ्या बाईंनी तिला दवाखान्याच्या लांब व्हरांड्यात सहा मिनिटं चालायला सांगितलं. थांबलं तरी चालेल, म्हणाल्या. आई दुसऱ्याच मिनिटाला भिंतीला टेकली. मी खुर्ची घेऊन धावलो, तर बाईंनी हातानंच मला अडवलं. थोड्या वेळानं आई पुन्हा निघाली.

नंतर त्यांनी विचारलं, "आजी, तुम्हाला काय करता यायला हवं?"

तिला नीट श्वास घेता आला म्हणजे झालं, असं मीच उत्तर दिलं. बाई आईकडेच बघत राहिल्या.

"मले माह्या हातानं आंग धुवाचं हाय," आई म्हणाली. "सून धुवून देते. लाज वाटते मले."

बायको शेजारीच उभी होती. आईला हे सलत असेल, हे आम्हा दोघांच्याही कधी मनात आलं नव्हतं.

मग सराव सुरू झाला. ओठांचा चंबू करून हळूहळू श्वास सोडायचा. पाण्याच्या बाटल्या हातात घेऊन वर-खाली करायच्या. खुर्चीवरून उठायचं, बसायचं. जन्मभर चूल फुकली, आता हवा फुकून राहिली, असं ती म्हणायची. तिसऱ्या आठवड्यात पाय दुखतात म्हणून ती जायला तयार होईना. बायकोनं तिला समजावलं नाही, फक्त चप्पल पुढे ठेवली. ती गेली.

सहाव्या आठवड्यात तिनं न्हाणीत स्टुलावर बसून एकटीनं अंघोळ केली. दाराला कडी लावायची नाही, एवढंच ठरलं होतं. बराच वेळ लागला. बायको बाहेर कान देऊन उभी होती.

हिवाळ्यात तिला कफ झाला आणि ती आठवडाभर दवाखान्यात होती. घरी आणल्यावर मी पुन्हा पलंगावर अंथरूण घातलं. ती खुर्चीत बसली आणि बाटल्या मागितल्या. अंगात ताकद नाही, दोन दिवस थांब, असं मी म्हटलं.

"बसवून ठेवलं तुमी मले दोन साल," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता.

मी बाटल्या अर्ध्याच भरून आणून दिल्या.

आता ती गावी भावाकडे असते. शेतात जात नाही, पण अंगणात बसून फुलं निवडते. सकाळी रस्त्यानं फिरते, मध्ये दोनदा थांबते. धाप अजून लागते.