चिमाजीच्या घडीचे पेढे

आळ्याचा चिमाजी कुऱ्हाडे विमानदलात बावीस वर्षं होता, पण विमानात बसला फक्त दोनदा, आणि दोन्ही वेळा त्याला उलटी झाली. ही गोष्ट त्यानं एकट्या बायकोला सांगितली होती, म्हणजे अख्ख्या आळ्याला ठाऊक होती.

त्याचं काम पॅराशूटची घडी घालायचं. लांबलचक टेबलावर कापड पसरायचं, अठ्ठावीस दोऱ्या मोजायच्या, एक सुरकुती दिसली की पुन्हा पहिल्यापासून. शेवटी कार्डावर तारीख आणि सही. लग्न जमवताना मध्यस्थानं "पोरगा विमानात हाय" एवढंच सांगितलं होतं. नवरा घड्या घालतो हे शीलाबाईंना अंगाची हळद निघायच्या आत कळलं. पण बाई हुशार. त्या दिवसापासून घरातल्या चादरी, गोधड्या आणि स्वतःच्या साड्या त्यांनी चिमाजीच्या गळ्यात मारल्या. रिटायर होऊन आला तरी गडी तसाच. परक्याच्या लग्नात मांडवाचं कापड कुणी वेडंवाकडं गुंडाळलं, की हा जेवण टाकून पंगतीतून उठायचा.

एक सल मात्र होता. चिमाजीच्या ठाण्यावर रिवाज असा, की पॅराशूट उघडून ज्याचा जीव वाचला, त्यानं कार्डावरची सही पाहून घडी घालणाऱ्याला शोधायचं आणि त्याच्या हातात पेढ्यांचा पुडा ठेवायचा. शेजारच्या टेबलावरच्या माणसाला दोनदा पेढे मिळाले. चिमाजीला बावीस वर्षांत एकदाही नाही. आता खरं तर हे चांगलंच की हो! त्याच्या पॅराशूटवाल्या कुणावर उडी मारायची पाळीच आली नाही. पण आपली घडी उघडते की नाही, हे त्याला कधी कळलंच नाही. बावीस वर्षं रांधलं आणि कुणी घासभर खाऊन पाहिलं नाही, अशी गत. वर शीलाबाईंचा टोमणा ठरलेला, "एक पेढा आनला नाय वो ह्यांनी घरात."

तर आळेफाट्यावर माजी सैनिकांनी एका खोलीत जुन्या वस्तू मांडल्या. विमानातलं घड्याळ, वैमानिकाचं हेल्मेट, विमानाच्या पंख्याचं वाकडं पातं. प्रमुख होता माजी सुभेदार सयाजी, चिमाजीचा बालमित्र. हा गडी प्रत्येक वस्तूची गोष्ट सांगायचा, आणि अशी सांगायचा की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यावा. घड्याळ चार वाजून दहा मिनिटांवर बंद पडलेलं, त्याला त्यानं अख्खी हवाई लढाई जोडली होती. ते घड्याळ खोलीत आणताना सयाजीच्याच हातून आपटलं होतं, हे चिमाजीनं डोळ्यांनी पाहिलं होतं. दोस्तीत तेवढं चालतं.

पण लिलावातून जुनं पॅराशूट आलं, आणि सयाजी म्हणाला, "ह्याला काय गोष्ट नाय बाबा. छताला टांगू, मांडवावानी दिसंल."

"टांगू?" चिमाजी कडाडला. "आरं, ती घडीत ठेवायची चीज हाय!"

"पन तुजी घडी उघडती का? बावीस वर्सांत कुनी पायलीया?"

सयाजी थट्टेनंच बोलला, पण चिमाजीला ते बाभळीच्या काट्यासारखं रुतलं. दोन घोट चहा तसाच सोडून तो उठला. "कांद्याची गोनी दे. पन्नास किलोची. कड्यावरनं सोडतो. उघडली तर काचेच्या पेटीत ठेवायची, घडी घालून, माज्या नावाच्या कार्डासकट. न्हाई उघडली, तर टांग खुशाल. मी पुन्यांदा हितं पाय ठेवनार नाय."

मंगल कार्यालयातली जेवणाची टेबलं एकाला एक जोडून दोन दिवस घडी चालली. कापड जुनं, बोटं त्याहून जुनी. दोऱ्या मोजल्या तर सत्तावीस. पुन्हा मोजल्या, सत्तावीसच. चिमाजीला दरदरून घाम फुटला. अठ्ठाविसावीवर शीलाबाई बसल्या होत्या. "मंग आधी सांगायचं न्हाई का!" म्हणत त्या उठल्या. घडी पूर्ण झाली, चिमाजीनं कार्डावर तारीख टाकली आणि सही केली.

सयाजीच्या पिकअपमधून सगळे निघाले. घोडेगावला चहा झाला. डिंभ्याच्या पुढं, डोंगरात एक उभा कडा आहे, खाली भाताची कापलेली खाचरं. गोणीला पॅराशूट बांधलं, पॅराशूटच्या पिनेला दोर, आणि दोराचं दुसरं टोक झाडाला, म्हणजे गोणी पडताना पिन ओढली जाऊन घडी सुटेल. गोणी कडेला आणली आणि चिमाजीनं डोळेच मिटले.

"मी नाय बगत. ढकला."

गोणी गेली. एक क्षण काहीच नाही. मग गादी झटकावी तसा खालून 'फट्ट' आवाज आला, आणि शीलाबाईंनी त्याची बाही धरून त्याला गदागदा हलवलं. "उघडली! अवो, डोळं उघडा, उघडली!"

पांढरं पॅराशूट फुगून डुलत डुलत खाली चाललं होतं. सयाजी नुसतं "उघडली" म्हणाला; एकही गोष्ट न जोडता बोलायची त्याच्या आयुष्यातली ही पहिलीच वेळ.

पायवाटेनं उतरून सगळे खाचरात पोचले, तर खाचराचा मालक जानकू गोणीपाशी कमरेवर हात ठेवून उभा. "कांद्याचा भाव पडल्याचं आयकलं व्हतं, पावनं. आता कांदंच पडाया लागलं व्हय?"

गोणीची शिवणसुद्धा उसवली नव्हती. सयाजीनं खाडकन सलाम ठोकला, चिमाजीला की कांद्यांना ते कळलं नाही. "पेटी मीच आनतो, राव. आन गोष्ट खरीच सांगीन, आईशप्पत. कांद्यासकट."

तेवढ्यात शीलाबाईंनी पिशवीतून पुडा काढून चिमाजीच्या हातावर ठेवला. पेढे होते. "घ्या. कांदं वाचलं, त्यांच्याकडनं."

चिमाजीनं पुडा उलटसुलट करून पाहिला. "हे कवा घेतलं?"

"सकाळी. घोडेगावात, तुमी च्या पीत व्हते तवा."

"म्हंजी उघडायच्या आधीच? आन नसती उघडली तर?"

"कशी उघडायची नाय?" शीलाबाई करवादल्या. "चाळीस वर्सं तुमच्या घडीची साडी नेसती मी. एकदा तरी अडकली का?"

चिमाजीनं पेढा तोंडात घातला आणि खाचरात मटकन बसून तो ढसाढसा रडायला लागला. जानकू घाबरला. "ह्या पावन्यांला काय झालं वो?"

"काय नाय," पदरानं स्वतःचे डोळे पुसत शीलाबाई म्हणाल्या. "कांदं जवळ हायेत ना, झोंबत्यात."

जानकूनं धड शिवलेल्या गोणीकडं पाहिलं, मग दोघांकडं पाहिलं. माणूस समजूतदार. "हां," तो म्हणाला, "तुमच्याकडलं कांदं लई तिखट असत्यात."