तांदळावरचा पुरावा

अर्जदार : काशीच्या पंचगंगा घाटावरचे आमचे शेजारी गुरुजी. पीडित व्यक्ती : त्यांच्या पत्नी, आम्हां सर्वांच्या काकू. दिनांक : गेल्या कार्तिकातली एकादशी. साक्षीदार : कचेरीबाहेर बसणारा अर्जनवीस, म्हणजे मी स्वतः, आणि गंगेतून घाट दाखवणाऱ्या क्रूझच्या दारावरचा शिपाई.

सबंध काशीत आपली ओळख करून देण्यास गुरुजींइतका उत्सुक, आणि ओळखीच्या कागदांचा त्यांच्याइतका वैरी, दुसरा मनुष्य नाही, हे मी जबाबदारीने नमूद करतो. कोणी ओळखपत्र मागितले की ते, अभिवादनाला धरतात तसे, दोन्ही कान धरून गोत्र, प्रवर, शाखा सांगू लागतात. गॅसच्या दुकानात ते पणजोबांपर्यंत पोहोचले तेव्हा मालकाने सिलिंडर स्वतः उचलून रिक्षात ठेवला. बँकेत हे चालले नाही. तेव्हापासून बँक ही त्यांच्या मते "कुलशील नसलेली जागा" आहे.

काकूंची इच्छा एकच होती : आपल्या घराची खिडकी गंगेतून पाहायची. गुडघ्यांमुळे त्यांना लहान नावेत उतरवत नाही. क्रूझला मात्र चढायला सपाट फळी असते. गुरुजींनी हौसेने तिकिटे काढली, काकूंचे सावित्री या नावाने. ते नाव लग्नात त्यांनीच ठेवलेले. पण ओळखपत्राचे कार्डवाले घरी आले तेव्हा गुरुजी स्नानास गेले होते, आणि काकूंनी आपले माहेरचे नाव सांगून टाकले होते : कुसुम.

मी छत्री धरायला सोबत होतो. शिपाई नम्रपणे म्हणाला, "बाबा, कार्ड पर कुसुम है, टिकट पर सावित्री. माताजी कौन-सी हैं?"

गुरुजींनी कान धरले. गोत्र झाले, प्रवर झाले. मग त्यांनी सांगितले की हे नाव त्यांनी भर मांडवात, ताटातल्या तांदळांवर, अंगठीने लिहिले आहे.

"वो चावल साथ लाए हैं?"

काकू हळूच म्हणाल्या, "अहो, त्याचा दुसऱ्याच दिवशी भात झाला."

जहाज सुटले. काकू ते दिसेनासे होईपर्यंत पाहत राहिल्या. परतताना रिक्षात गुरुजींचे हात एकदाही कानांकडे गेले नाहीत. संध्याकाळी माझ्याकडे आले. "लिही," म्हणाले. "तिकीट कुसुमच्या नावाचं हवं." एवढ्या संसारात ते नाव त्यांच्या तोंडी प्रथमच आले असावे, नव्या नवऱ्यासारखे लाजले.

सबब व्यवस्थापकांस विनंती की, पुढच्या फेरीस कुसुमबाईंना चढू द्यावे व पंचगंगेच्या बाजूची खुर्ची द्यावी. सोबतच्या गृहस्थांना ओळख विचारू नये, जहाजास उशीर होईल. पाण्यातून आपली खिडकी ओळखू यावी म्हणून काकूंनी तिच्यात लाल लुगडे बांधून ठेवले आहे. ते उन्हाने विटण्यापूर्वी उत्तर यावे.