मयताच्या नावावर आलेलं पार्सल

ते प्रकरण अजून मनातून हलत नाही, आणि गंमत म्हणजे त्यात ना गुन्हा होता ना आरोपी. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले आणि लोकांनाही तेच ऐकायचं असतं. मला मात्र सांगावंसं वाटतं ते न्हावरे आणि केडगावच्या मधल्या एका गावातल्या मागच्या खोलीबद्दल. माणसं खरी आहेत, म्हणून नावं कुणाचीच देत नाही.

सकाळची हजेरी नुकतीच आटोपली होती. ठाणे अंमलदार रात्रीच्या नोंदी दाखवत होता, तेवढ्यात एक म्हातारे बागायतदार आत आले. गावात सगळे त्यांना आप्पा म्हणत. सोसायटीत वजन असलेला माणूस, ठाण्यात आला की न विचारता खुर्ची ओढून घेणारा. त्या दिवशी मात्र उभेच राहिले.

"साहेब, माझं नाव कुठं येऊ देऊ नका," ते म्हणाले. "आमच्या शेजारच्या घरात कायतरी शिजतंय. म्हागल्या खोलीत दिसरात घरघर चालायची. भितीला हात लावला तर तव्यावानी गरम. आन् आता त्यांचा पोरगा जाऊन महिना न्हाई झाला, तर त्याच्या नावानं पार्सल आलंय! मेलेल्या मानसाला पार्सल कोण धाडतंय, सांगा की. समदं गाव हेच बोलतंय. नोटा छापत असत्याल, न्हाईतर त्याहून वंगाळ. त्या लोकांचं काय सांगावं!"

त्या "त्या लोकांचं"वर मी त्यांना तिथंच थांबवलं. खबर देणारा माणूस एका दमात दोन गोष्टी सांगतो, दिसलेली आणि वाटलेली. पोलिसानं पहिली लिहून घ्यावी आणि दुसरी नुसती ऐकून घ्यावी. आप्पांचं आणि त्या मुस्लिम कुटुंबाचं घर पिढ्यान् पिढ्या भिंतीला भिंत लागून. तो मुलगा रांजणगावच्या एका कंपनीत मेंटेनन्सला होता. शिफ्ट करून दुचाकीवर घरी येताना अपघातात गेला, तेव्हा त्याच्या जनाज्याला खांदा देणाऱ्यांत हेच आप्पा होते. माणूस असा एका वेळी दोन मनांचा असतो. आता आप्पा हयात नाहीत, म्हणून एवढं तरी लिहितो आहे.

खबरीची नोंद घेतली आणि साध्या कपड्यांत निघालो. बरोबर एक महिला शिपाई घेतली. गावात पोहोचल्यावर पोलीस पाटलांना साक्षीला बोलावलं, आणि दुसरा साक्षीदार म्हणून मुद्दाम आप्पांनाच घेतलं. शेजारी साक्षीला असणं रीतीला धरूनच होतं, त्यामुळे कुणाला शंका यायचं कारण नव्हतं. ज्यानं भिंतीबाहेरून पाहिलं, त्यानं आतूनही पाहावं, एवढाच माझा हिशेब होता.

दारात मुलाचे वडील होते. गाव त्यांना चाचा म्हणायचं. त्यांनी मला ओळखलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"साहेब, सून इद्दतीत हाय," ते हात जोडून म्हणाले. "परक्या मानसाफुडं यायची न्हाई. काय इचारायचं ते मला इचारा. पायजे तर मला न्या ठाण्यात."

नवरा वारला की ठरलेला काळ बाईनं घरातच राहायचं, परपुरुषासमोर यायचं नाही, ही त्यांची रीत. मी म्हणालो, "चाचा, कुणाला कुठं न्यायला आलेलो नाही. ताईंना पडद्याआड बसू द्या, आमची शिपाई त्यांच्याजवळ बसेल."

मागच्या खोलीच्या दाराला चादर बांधली. खोलीत आम्ही, चादरीपलीकडे माजघरात ती. साऱ्या नोकरीत मी माणसाच्या डोळ्यांत बघून जबाब घेतले होते. इथं नुसता आवाज होता. पण आवाजही बोलतो. खोटं बोलणारा माणूस प्रश्न संपायच्या आत उत्तर देतो. ही बाई प्रश्न पुरा होऊ द्यायची, जरा थांबायची, मग बोलायची.

खोलीत लोखंडी अँगलच्या रॅकवर एक उघडाच कॉम्प्युटर होता. त्याला लागून ओळीनं ग्राफिक्स कार्डं आणि पंखे. नोटांचा कागद नव्हता, शाई नव्हती. विजेचं मीटर पाहिलं, आकडा टाकलेला नव्हता.

"हे काय आहे, ताई?"

"माइनिंगचं मशीन हाय, साहेब. जुनी कार्डं घेऊन त्यांनीच जोडलंय. ते इंटरनेटवर आकडेमोड करत बसतं, आन् त्याच्या बदल्यात थोडं डिजिटल चलन मिळतं. कार्डं तापतात, म्हणून भिंत गरम व्हायची."

"आणि पार्सल?"

ती म्हणाली, "मशीनचा वायफाय जळाला होता. त्यांनी नवा मागवला. तो यायच्या आधी ते गेले."

चाचांनी फळीवरून पार्सल काढून दिलं. फोडलेलंही नव्हतं. पोराच्या नावावर आलेलं, पोराशिवाय कोण फोडणार? साक्षीदारांसमोर मी ते उघडलं. आत अंगठ्याच्या पेराएवढं वायफाय अडॅप्टर, यूएसबीत खोचायचं. एवढ्याशा वस्तूनं आख्ख्या गावाची झोप उडवली होती.

सायबरचं काम पाहणाऱ्या एका बॅचमेटला फोन लावला. तो म्हणाला, माइनिंग करणं हा काही गुन्हा नाही, पण मशीन तेवढंच करतं का हे चालू झाल्याशिवाय कळणार नाही. नाहीतर उचल आणि तपासणीला पाठव. उचलणं सोपं होतं. पण जीपमध्ये मशीन चढलं की गावानं निकाल दिलाच म्हणून समजा. मग तपासणीचा अहवाल काहीही येवो, तो वाचायला कोण बसलंय?

पडद्यामागं फोन ऐकू गेला असावा. "साहेब," ती म्हणाली, "न्यायचं तर न्या. आम्ही अडवणार न्हाई. पण नेताना सगळं गाव बघंल. माणूस जिता असता तर चार लोकांत उभा राहून सांगितलं असतं त्यानं. आता त्यांच्या वतीनं कोण बोलणार? हितंच चालू करून बघा. मी सांगते तसं करा."

ती लग्नाआधी दौंडला कॉम्प्युटर शिकत होती, शिक्षण अर्धवट सुटलं, हे मला चाचांनी सांगितलं. गुन्हा दाखल नव्हता, त्यामुळे जागेवर खातरजमा करायला हरकत नव्हती. मशीनला स्वतःचा स्क्रीन नव्हता. मुलगा घरातलाच टीव्ही आणून जोडायचा आणि काम झालं की परत नेऊन ठेवायचा. चाचांनी तो उचलून आणला. मी अडॅप्टर खोचलं, मशीन चालू केलं आणि कीबोर्डसमोर मांडी घातली. टीव्हीच्या काळ्या स्क्रीनवर एक पांढरी रेघ लुकलुकत होती.

"हे लिनक्स हाय, साहेब. विंडोजसारखं माउसनं व्हायचं न्हाई, लिहून सांगावं लागतं. लिहा, एल एस यू एस बी. सगळी लहान अक्षरं."

मी एका बोटानं लिहिलं. आरोपपत्रं टाइप करून माझ्या त्या बोटाला चांगली सवय होती. समोर ओळी आल्या, त्या वाचून दाखवल्या. एका ओळीत अडॅप्टर दिसत होतं, पण डिस्क म्हणून. वायफायचा पत्ता नाही.

"डिस्क?" ती स्वतःशीच पुटपुटली. "म्हणजे ते स्वतःला सीडी म्हणून दाखवतंय. या अडॅप्टरच्या पोटात विंडोजसाठीचं सॉफ्टवेअर असतं, आन् आधी तेच फुडं येतं. आपल्याला नको ते. सीडी बाहेर काढतो तसं त्याला इजेक्ट म्हणायचं, मग ते वायफाय होतं."

तिनं सांगितलं, मी लिहिलं. मशीननं पासवर्ड मागितला. तो तिनं मोठ्यानं सांगितला नाही. महिला शिपाईच्या कानात सांगितला. शिपाई बाहेर आली, टाइप केला आणि ओठ दाबून हसत परत आत गेली. काय होता ते मी विचारलं नाही. पोलिसानं सगळंच विचारायचं नसतं.

पहिल्यांदा काही झालं नाही. माझंच एक अक्षर चुकलं होतं. दुसऱ्यांदा लिहिलं आणि अडॅप्टरवर निळा दिवा लागला. मग आसपासच्या वायफायची यादी आली. आप्पा मान पुढं काढून वाचत होते, ते दचकलेच.

"आवं, ह्यो तर आमच्या नातवाचा वायफाय! ह्यो ह्यांच्या घरात कसा आला?"

"आप्पा, भिंतीतून येतो तो," ती म्हणाली. "आमचाबी तुमच्याकडं दिसत असंल." पडद्यामागून पहिल्यांदाच हसल्यासारखा आवाज आला.

घरचं वायफाय जोडलं आणि मशीन आपोआप कामाला लागलं. पंखे घरघरले. टीव्हीवर ओळी धावू लागल्या. बॅचमेट फोनवर होता. मी एकेक ओळ मोठ्यानं वाचत होतो, पोलीस पाटील लिहून घेत होते. मशीन त्याच्या ठरलेल्या ठिकाणी जोडलं गेलं, काम मिळालं, काम मान्य झालं. बाकी काही नाही. बॅचमेट म्हणाला, "तुझं समाधान झालं असेल तर माझंही झालं."

शेवटी एक ओळ राहिली होती. प्रत्येक मशीनला मालक एक नाव देतो, त्याला वर्कर म्हणतात. मी ठाण्यातल्या आवाजात वाचलं, "वर्कर," आणि पुढं एका मुलीचं नाव.

पलीकडून कुणी मुठीत धरल्यासारखी चादर एकदम ताणली गेली. मला वाटलं, काही चुकीचं वाचलं. मग महिला शिपाई बाहेर आली. तिचे डोळे भरले होते.

"सर, ताईंना पाचवा महिना आहे," ती हळूच म्हणाली. "मुलगीच होणार आणि नाव मी ठरवलंय, असं ते म्हणायचे. ताई भांडल्या, रुसल्या, पण बारशाच्या दिवशीच सांगीन म्हणाले. कुणालाच सांगितलं नव्हतं."

चाचा भिंतीला टेकून खाली बसले. मग आतून आवाज आला, "साहेब, ते परत एकदा वाचता का?"

मी परत वाचलं. या वेळी ठाण्यातला आवाज निघाला नाही. आप्पांनी टोपी काढली, कितीतरी वेळ हातात फिरवली आणि पडद्याकडं बघून म्हणाले, "पोरी, चांगलं नाव हाय."

खबर निकाली काढली. अहवालात लिहिलं, आक्षेपार्ह काही आढळलं नाही. आप्पांनी सही केली. त्यानंतर त्या भिंतीच्या उबेबद्दल गावात पुन्हा कुणी तोंड उघडलं नाही, कारण उघडलं तर आधी आप्पाच अंगावर जायचे, असं पाटलांनी मला नंतर सांगितलं.

संशय घेणं हे पोलिसाचं काम आहे, ते आम्हाला प्रशिक्षणात शिकवतात. घेतलेला संशय सगळ्यांदेखत उतरवून ठेवणं हेही आमचंच काम आहे, ते मला त्या पडद्यामागच्या बाईनं शिकवलं. नोकरीत मी असंख्य नावं मोठ्यानं वाचली. आरोपींची, फरारींची, ओळख पटलेल्या मयतांची. एखाद्या आईला तिच्या लेकराचं नाव पहिल्यांदा वाचून दाखवायची वेळ माझ्यावर एकदाच आली. मुलगीच झाली. ते नाव मी इथं लिहीत नाही. ते आता तिचं आहे, आणि शाळेत हजेरी घेताना बाईंनी ते पुकारलं की ती उभी राहून "हजर" म्हणते.