उजेड तोंडावर घ्या

आमच्या गल्लीत पावसाळ्यात वीज गेली की माणसं टॉर्च पेटवतात आणि स्वतःच्याच तोंडावर मारतात. नवीन माणूस दचकतो. गेल्या वर्षी एक पार्सलवाला संध्याकाळी आमच्या पायरीवर उभा होता, तेवढ्यात वीज गेली आणि समोरचा घड्याळवाला हनुवटीखाली टॉर्च धरून त्याला म्हणाला, "कुणाकडे आलात?" पार्सलवाला मागे सरकला तो थेट डबक्यात. त्याला सगळा प्रकार समजावून सांगायला मला पाच मिनिटं लागली, आणि सांगताना हसू आवरायचे कष्ट वेगळेच.

हा सगळा माझ्या सासूबाईंचा प्रताप.

आमचं दुकान घराच्याच पुढे, पत्र्याची शेड वाढवून केलेलं. बटणं, हुक, चेन, इलॅस्टिक, लेस, नाड्या, सुया, दोऱ्याची रिळं. भिंतभर लाकडी खण आणि प्रत्येक खणाच्या तोंडाला आतल्या मालाचा एकेक नमुना शिवलेला. सासूबाईंना खण बघावा लागत नाही. बोटं फिरवत जातात आणि हवं ते बटण लागलं की थांबतात. गल्लीत सगळे त्यांना बटणकाकू म्हणतात. मी आई म्हणते.

हा प्रकार सुरू व्हायच्या सात वर्षं आधी त्यांना मोठा ताप आला. ताप गेला, पण जाताना दोन्ही कान घेऊन गेला. कानात घालायचं मशीन आणलं, तर त्यातून त्यांना फक्त कुकरची शिट्टी ऐकू यायची, तीही कुकर गॅसवर नसताना. महिनाभराने त्यांनी मशीन हुकांच्या खणात टाकलं आणि लोकांच्या ओठांकडे बघायला सुरुवात केली. शिकवणारं कुणी नव्हतं. टीव्हीवरच्या बातम्या टक लावून बघायच्या आणि मग आत येऊन मला सांगायच्या. पहिल्या सहा महिन्यांत त्यांनी अगदी ठणठणीत असलेली चार मोठी माणसं गेल्याचं मला सांगितलं, आणि एकदा तर मी देवासमोर हातही जोडले. पण बाई जिद्दीची. दोन वर्षांत अशा तयार झाल्या की गल्लीच्या टोकाला उभं राहून कुणी कुणाची चुगली करावी, तर ती यांना इथे काउंटरवर कळायची. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे बोलायच्या मात्र सभेत बोलल्यासारख्या. त्यांनी मला हळूच, कानात म्हणून सांगितलेली गोष्ट घड्याळवाला दुसऱ्या दिवशी मला विचारायचा.

"तुझं बोलणं छापल्यासारखं दिसतं," असं त्या मला म्हणायच्या. आणि माझ्या नवऱ्याचं, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एक मुलाचं बोलणं? डॉक्टरची चिठ्ठी. अर्धं वाक्य मिशीत, अर्धं पाठ फिरवून. आई म्हणायच्या, "पुन्हा सांग." तो पुन्हा सांगायचा, तसंच, फक्त जास्त घाईत. तिसऱ्यांदा विचारलं की म्हणायचा, "जाऊ दे." हे दोन शब्द आईंना लगेच कळायचे. पुढेपुढे त्याने तेही सोडलं आणि माझ्यामार्फत कारभार सुरू केला. "आईला सांग, उशीर होईल." "आईला विचार, औषध घेतलं का." आई चार फुटांवर बसलेल्या, आणि मी मध्ये पोस्टमन! मला या "आईला सांग"चा मनस्वी राग यायचा. तो वाईट नाही हो. आईंना समजलं नाही की त्याला वाईट वाटायचं, आणि वाईट वाटलं की हा माणूस चिडतो. पण हे मला कळून काय उपयोग?

त्यात पावसाळा. आमच्याकडे वीज जायला पाऊस पडावाच लागतो असं नाही, नुसतं आभाळ भरून आलं तरी पुरतं. पंप, मिक्सर, इस्त्री, चार मोबाइल, सगळे विजेची वाट बघत बसलेले. ती आली रे आली की मी सगळं एकदम चालू करायची आणि फ्यूज उडवून आपल्या हाताने पुन्हा अंधार करून ठेवायची. इन्व्हर्टर घेतला, पण त्याला चार्ज व्हायलाही वीज लागते हे विकणाऱ्याने सांगितलं नव्हतं. आम्हाला अंधाराचा त्रास एवढाच. अंधारात आम्ही उलट जास्त गप्पा मारायचो, कारण करण्यासारखं दुसरं काही नसायचं. आई तिथेच बसलेल्या असायच्या, हात मांडीत घेऊन. एकदा अशाच गप्पा चालल्या होत्या, माझी नणंद आणि तिचा नवराही आले होते, खोलीत आम्ही चौघं मोठमोठ्याने हसत होतो, आणि आईंनी विचारलं, "कुणी आहे का इथे?"

मी त्यांचा हात धरला. नंतर स्वयंपाकघरात जाऊन रडले.

पोपटाचं प्रकरण त्यानंतर आठवडाभरात झालं. दुकानात संध्याकाळी वीज गेली असताना मागच्या गल्लीतली एक बाई आली. मेणबत्ती खणांपाशी, बाई अंधारात. ती बराच वेळ काहीतरी बोलत होती एवढं आईंना हातवाऱ्यांवरून कळलं. गिऱ्हाइकाला सारखं काय "पुन्हा सांगा, पुन्हा सांगा" म्हणायचं, म्हणून त्या मान डोलावत "हो, हो, चालेल" म्हणत राहिल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी बाई पिंजरा घेऊन हजर. "काकू, तुमचे फार उपकार झाले. आठच दिवस. तिखट मिरची आवडते त्याला." पिंजरा टेकवून गेलीसुद्धा गावाला.

तो पोपट पहाटे पाचला सुरू व्हायचा. दाराची घंटा, मांजर, त्या बाईच्या नवऱ्याचा खोकला, असं सगळं काढायचा. मी दिवसातून दहादा दार उघडायला धावायची. घरात त्याचा त्रास एकाच व्यक्तीला झाला नाही. आई त्याला प्रेमाने मिरच्या घालायच्या आणि म्हणायच्या, "किती शांत पाखरू आहे."

पोपट आपल्या घरी परत गेला त्या संध्याकाळी नवऱ्याने निकाल दिला. "आईला सांग, पावसाळा संपेपर्यंत संध्याकाळी दुकान बंद. आज पोपट आला, उद्या कुणी अंधारात घर लिहून घेईल, तरी ही हो हो म्हणेल."

मी सांगितलं नाही. सांगायची गरजच पडली नाही, आईंनी त्याच्या तोंडावरून वाचलं होतं. चेहरा एवढासा झाला त्यांचा. संध्याकाळ म्हणजे त्यांचं दुकान, दुसरं काय! दिवसभर चुकून एखादं गिऱ्हाईक. शिवणकाम करणाऱ्या बायका हातातली कामं आवरून सहानंतरच यायच्या, बटणापेक्षा बोलणं जास्त व्हायचं. दुकान बंद म्हणजे सहा वाजल्यापासून मांडीत हात.

"पंधरा दिवस दे मला," आई त्याला म्हणाल्या. तो काही बोलला नाही. त्यांनी तो होकार धरला. एवढा कानाडोळा त्यांना जमायचा.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकानातला उजेडच फिरवला. जगात सगळीकडे दुकानदार उजेड मालावर पाडतात. यांना मालासाठी उजेड हवाच कशाला, बोटं होती ना! काउंटरवर टॉर्च ठेवला, तोंड गिऱ्हाइकाकडे, आणि पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून टांगलं: बोलायचं असेल तर उजेड तोंडावर घ्या.

पहिले दोन दिवस लोक लाजले. मग कोपऱ्यावरच्या शिंपीणबाई संध्याकाळी केस विंचरून यायला लागल्या. घड्याळवाल्याने मिशी कातरली, आणि त्याच्या बायकोने मला विचारलं की याला अचानक काय झालं आहे. दोन शेजारणी पाण्यावरून भांडत दुकानात शिरल्या. टॉर्च एक, त्यामुळे आळीपाळीने भांडावं लागलं आणि तिसऱ्या पाळीला दोघींनाही आठवेना की मुद्दा काय होता. घरातही तोच नियम झाला. ज्याच्या तोंडावर टॉर्च, त्याने बोलायचं. अंधारात आई पुन्हा आमच्यात आल्या, नुसत्या आल्या नाहीत, तर मला मध्येच तोडायलाही लागल्या.

नवरा तेवढा वेगळा. "मी नाही हा भुतांचा खेळ करणार," म्हणाला. "लोक हसतात आपल्याला. आईला सांग, शनिवारपासून संध्याकाळी मी बसतो काउंटरवर. वीज गेल्यावर दुकान कसं चालवतात ते बघ म्हणावं. आणि मध्ये बोलायचं नाही."

मी सांगितलं, चांगलं ठसक्यात. आई म्हणाल्या, "बसू दे की. मी मागे स्टुलावर बसते. तोंडाला कुलूप." पण रात्री त्या जेवल्या नाहीत नीट. मला म्हणाल्या, "त्याला जमलं, तर मग झालंच."

शनिवारी साडेसहाला वीज गेली. नवऱ्याने पुठ्ठा काढून बाजूला ठेवला, टॉर्च उचलला आणि माझ्याकडे असं बघितलं की बघ आता. आणि पाऊस आला. त्या वर्षी तसा पाऊस तोवर आला नव्हता. पत्र्यावर जणू कुणी खडीचे ट्रक रिकामे करत होतं. मी शेजारी उभी, पण माझा मलाच आवाज येईना.

शिंपीणबाई आल्या. सोमवारी शाळेत झेंडावंदन, गणवेश अडलेले. त्यांनी काहीतरी सांगितलं. नवऱ्याने कानाला हात लावून विचारलं, काय? त्यांनी ओरडून सांगितलं. त्याने टॉर्च खणांवर फिरवला, पाच मिनिटं शोधाशोध केली आणि हुकांचं पाकीट आणून ठेवलं. बाईंनी ते परत सरकवलं. त्याने काउंटरवरून वाकून कान पुढे केला, बाई त्या कानात अशा ओरडल्या की तो उडालाच. आणि मग घेऊन आला काळी चेन. तोवर घड्याळवाला आला, मागून पोपटवाली आली. तिघंही ओरडताहेत, हा तिघांनाही "काय? काय?" विचारतोय, आणि आई मागे स्टुलावर, हात मांडीत, ओठ घट्ट मिटलेले. मला हसू येत होतं, आणि त्याची कीवही येत होती. शर्ट घामाने पाठीला चिकटला होता त्याचा.

शेवटी शिंपीणबाई कंटाळल्या. त्यांनी मोबाइलचा टॉर्च लावला, सवयीने हनुवटीखाली धरला, एक पाऊल बाजूला झाल्या आणि नवऱ्याच्या खांद्यावरून मागे बघत नेहमीसारखं बोलल्या. ओरडल्या नाहीत.

आईंनी माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले.

"पांढरी, चार भोकांची, दोन डझन!" आईंचा तो सभेतला आवाज पाऊस फाडून आला. "डावीकडून तिसरी ओळ, खालून दुसरा खण!"

नवऱ्याने खण उघडला. होती.

मग घड्याळवाल्याने टॉर्च तोंडाशी धरला. "काळं इलॅस्टिक, अर्धा मीटर, बारीक! तुझ्या गुडघ्याशी!" मग पोपटवाली. तिचं बरंच लांबलं. "सुया, नऊ नंबर! आणि नाही, या वेळी पोपट नाही!" तिघांचे उजळलेले चेहरे, तिघांची नजर त्याला ओलांडून मागच्या स्टुलावर. मध्ये तो उभा, हातात टॉर्च, आणि त्याच्याकडे कुणीच बघत नव्हतं. मला वाटलं, आता भडकणार.

तो काउंटरच्या बाहेर आला. फळी उचलून, वळसा घालून, शिंपीणबाईंच्या शेजारी, जिथे गिऱ्हाइकं उभी राहतात तिथे. मिशीवरून हात फिरवून ती वर सारली आणि टॉर्च हनुवटीखाली धरला. केस विस्कटलेले, कपाळावर घाम. तो आईंशी बोलला. सावकाश, एकेक शब्द सुटा करून, आईंच्या डोळ्यांत बघत. मला पावसात एक अक्षर ऐकू आलं नाही, पण सात वर्षांत थोडेसे ओठ मलाही वाचता यायला लागले होते.

"आई, मला काहीच ऐकू येत नाहीये गं."

आई त्याच्याकडे बघत राहिल्या. त्या आता "पुन्हा सांग" म्हणतात की काय, अशी मला भीती.

"सवय होते रे," आई म्हणाल्या. "मला सात वर्षं लागली." आणि स्टुलावर सरकून त्यांनी त्याला शेजारी जागा करून दिली.