भासरे आणि माननीय सदस्या

आमच्याकडे नवऱ्याच्या मोठ्या भावाला भासरा म्हणतात आणि भासऱ्याशी बाईनं बोलायचं नसतं. त्याचं नाव घ्यायचं नाही, त्याच्यासमोर खाटेवर किंवा खुर्चीवर बसायचं नाही, डोईवरचा पदर ढळू द्यायचा नाही. तोही लहान भावाच्या बायकोशी बोलत नाही. यात भांडण नसतं हो, उलट मान असतो म्हणे. मी लाखांदूर तालुक्यातल्या या गावात सून म्हणून आले, तेव्हापासून माझे भासरे आणि मी एका अंगणात राहिलो, एका चुलीवरचं जेवलो आणि एकमेकांशी एक शब्द बोललो नाही.

मग घर कसं चालायचं? तिसऱ्याला मधे घालून. भासरे हातभर अंतरावर उभे असायचे आणि मी जाऊबाईंना सांगायची, "पाणी काढून ठेवलं म्हणावं." जाऊबाई नसल्या तर खांबाला सांगायची. त्यांचंही तेच. "आज बांधीत धानाचं रोवणं हाये, डबा लवकर पाह्यजे," हे त्यांनी एकदा उंबरठ्यावर बसलेल्या मांजरीला सांगितलं. मांजर उठून गेली आणि डबा मी केला.

गोंदिया वेगळा होऊन आमचा जिल्हा निम्मा झाला, त्यानंतरच्या पंचायत निवडणुकीत टोल्याच्या, म्हणजे गावाबाहेरच्या वस्तीच्या, वॉर्डात बाईची जागा निघाली. भासरे जुने मेंबर, गावातल्या वॉर्डातून हमखास निवडून येणारे. घरात आणखी एक मेंबर असला तर बरं, म्हणून त्यांनीच मला उभं करवलं. अर्थात हेही त्यांनी माझ्या नवऱ्याला सांगितलं. मी निवडून आले. त्यांचा हात वर गेला की माझाही जाईल, एवढाच माझा उपयोग सगळ्यांनी धरला होता.

पहिल्या मीटिंगला गेले तर सगळे खुर्च्यांवर. भासरेही खुर्चीवर. मी कुठं बसू? कपाटाच्या आडोशाला दरी, म्हणजे सतरंजी, टाकून खाली बसले. तिथून मला फक्त सरपंचबाईंच्या चपला दिसायच्या. सरपंचबाई टोल्यावरच्या, बौद्ध घरातल्या, बारावी शिकलेल्या. मोठमोठे बाप्ये त्यांना सरपंच म्हणत नव्हते, सरळ नावानं हाक मारायचे आणि अगं-तुगं करायचे. त्या काही बोलायच्या नाहीत. पण ते त्यांना लागायचं हे मला चपलांवरूनही कळायचं.

टोला आणि गाव यांच्या मधून नहर, म्हणजे कालवा, जाते. अंगणवाडी गावात आणि बारकी पोरं बहुतेक टोल्यावर. नहरेवर एक सिमेंटचा लाइटचा खांब आडवा टाकलेला होता, त्यावरून ती पोरं पाटी-डबा घेऊन यायची. धानाला पाणी सोडलं की खांबाच्या खाली नहर नुसती भरून धावायची. त्या वर्षी एक पोरगी घसरली. खाली धुणं धूत होती त्या बाईनं फ्रॉक धरला म्हणून वाचली. त्याच सुमारास नव्या अंगणवाडीची इमारत मंजूर झाली. भासऱ्यांचं म्हणणं, गावाच्या चौकात बांधा. टोल्यावरच्या बाया माझ्या दारात आल्या आणि म्हणाल्या, "आमी तुमाले मत देल्लं. आता बोला."

बोलायला मी दरीवरून उभी राहिले. "अंगणवाडी टोल्यावर..." एवढंच तोंडातून निघालं. भासऱ्यांनी दुपट्टा खांद्यावर टाकला आणि बाहेर निघून गेले. लहान भावाची बायको समोर उभी राहून बोलते, तिथं थांबणं त्यांना शोभत नव्हतं. त्यांच्यामागे त्यांची माणसं गेली. कोणीतरी जाताजाता म्हणालं, "काहून वं, घर फोडतं काय?" विषय तसाच राहिला.

घरी नवरा तोंड पाडून बसलेला. "भाऊले पंचायतीतून उठा लागलं तुह्यापाई."

"मंग मले मेंबर कायले केलं? हात वर कराले?" मी म्हटलं. माझं डोकं असं फिरलं होतं की मी त्या दिवशी जेवले नाही. ती पोरगी माझ्या डोळ्यांसमोरून जात नव्हती. दुसरी घसरली तर? आणि मी कपाटामागे पदर सांभाळत बसलेली. लाज वाटत होती मला, आणि संताप त्याहून जास्त.

हिवाळ्यात सरपंचबाईंनी सगळ्या मेंबरांना नागपूरला अधिवेशन पाहायला नेलं. पास काढले होते. एसटीनं गेलो. गॅलरीत शिरायच्या आधी पिशव्या ठेवून घेतल्या आणि आत गेल्यावर बोलायचं नाही, टाळी वाजवायची नाही, पायावर पाय टाकून बसायचं नाही, असं बजावलं. बाप्पा, सासरीसुद्धा इतकं कोणी बजावलं नव्हतं. भासरे पुढच्या रांगेत, मी पार मागे.

खाली दोन आमदार जुंपले होते. मला वाटलं आता गचांडी धरतात. पण पाहते तर काय, दोघं एकमेकांकडे तोंडच करेनात. हा उठायचा आणि उंच खुर्चीकडे पाहून म्हणायचा, "अध्यक्ष महाराज, माननीय सदस्य चुकीची माहिती देत आहेत." तो उठायचा आणि त्याच खुर्चीला सांगायचा, "अध्यक्ष महाराज, माननीय सदस्यांनी आधी ऐकून घ्यावं." नाव नाही, अरे-तुरे नाही. एकाच्या तोंडून वाकडा शब्द गेला तर अध्यक्षांनी तो मागे घ्यायला लावला. मी सरपंचबाईंच्या कानाशी लागले, "हे दोघं भासरा आन् लहान भावाची बायकोच हायेत जसे." त्यांना असं हसू आलं की गॅलरीतल्या माणसानं डोळे वटारले.

परतीच्या एसटीत उमरेड गेलं. मग सरपंचबाई म्हणाल्या, "आपल्या पंचायतीतही हेच चालवू ना."

पुढच्या मीटिंगला त्यांनी सांगून टाकलं. प्रत्येकजण खुर्चीवर बसेल. जो बोलेल तो सरपंचांना उद्देशून बोलेल. दुसऱ्या मेंबराचं नाव घ्यायचं नाही, माननीय सदस्य म्हणायचं. एक बोलत असताना दुसऱ्यानं मधे तोंड घालायचं नाही. बोलणारा आणि अध्यक्ष यांच्या मधून कोणी जायचं नाही. त्यामुळे चहावाल्याला भिंतीकडून फिरून यावं लागलं आणि चहा निवला, त्यावर थोडी कुरकुर झाली. एकानं विचारलं, "आता काय तुले महाराज म्हणू?"

"महोदया म्हणा, काहीही म्हणा," त्या म्हणाल्या, "पण माह्याकडं पाहून म्हणा. आन् तू म्हणू नका."

भासरे काय करतात ते पाहायला सगळे वळले. माणूस जुन्या चालीचा, पण नियमाचा पक्का. नागपूरचं सभागृह त्यांनीही पाहिलं होतं. ते उभे राहिले, सरपंचबाईंकडे पाहिलं आणि म्हणाले, "अध्यक्ष महोदया, मले मंजूर हाये." त्या बाईंना त्यांनी आजवर कधी अहो म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. सरपंचबाईंनी नुसती मान हलवली.

मग मी खुर्चीवर बसले. भासऱ्यांच्या ओळीत, पण कडेला. पदर डोक्यावर होता, तो मी काढला नाही, काढायची गरजही नव्हती. अंगणवाडीचा विषय आला. मी उठले आणि सरपंचबाईंवर नजर रोवली. "अध्यक्ष महोदया," मी म्हटलं, "माननीय सदस्य म्हणतात अंगणवाडी चौकात बांधा. माननीय सदस्यांनी तो खांब पाह्यला काय? पाण्याच्या दिवसात पाह्यला काय?" नाव घेतलं नाही, तोंड त्यांच्याकडे केलं नाही. अहो, हेच तर मी इतकी वर्षं घरातल्या खांबाशी करत आले होते. यात मला कोण हरवणार?

भासरे उठले. पण ते दाराकडे गेले नाहीत. "अध्यक्ष महोदया, माननीय सदस्यांले सांगा, टोल्यावरची जागा खोल हाये. पावसाळ्यात पाणी साचते. इमारत बसून जाईन."

हे खरं होतं. मला ते ठाऊक होतं आणि त्याचं उत्तरही होतं. "अध्यक्ष महोदया, टोल्यावर खळ्याची जागा उंच हाये. धान मळाले लोक तिथंच कायले जातात? पाणी साचत नाई म्हणून."

असं आमचं बराच वेळ चाललं. कोणी हसलं नाही. शेवटी सरपंचबाईंनी सांगितलं, जागा पाहून ठरवू.

जागा पाहायला सगळे गेलो तेव्हा नहरेला पाणी सुरू होतं. भासऱ्यांना कोणी म्हटलं नाही, तरी ते त्या खांबावरून निघाले. मधोमध पोचल्यावर थांबले. धोतराचा सोगा धरून, खाली पाहत. मग हळूच बसले आणि राहिलेला खांब बसूनच सरकत पार केला. पलीकडे जाऊन खळ्यावर उभे राहिले, टाच मारून जमीन पाहिली.

नंतरच्या मीटिंगला त्यांनी आपणहून बोलायची परवानगी मागितली. "अध्यक्ष महोदया, मी आपलं म्हणणं मागं घेतो. माननीय सदस्या बरोबर बोलल्या." आणि पुढे म्हणाले, "त्याहिले एक विचाराचं हाये. दार कोण्या बाजूनं ठेवाचं?"

इतक्या वर्षांत त्या माणसानं मला काही विचारलं नव्हतं. माझं मत, माझी पसंती, काहीच नाही. मी उठले. "अध्यक्ष महोदया, नहरेकडं पाठ करून. पोरं दारातून निघाली का घराकडं निघाली पाह्यजे."

"बरोबर," भासरे म्हणाले आणि खाली बसले. सरपंचबाईंनी ठराव लिहून घ्यायला सांगितलं. मला रडू फुटलं. मीटिंगमध्ये रडायचं नाही असा नियम त्यांनी केला नव्हता, म्हणून पोटभर रडून घेतलं. रडता रडता एकदा चुकून भासऱ्यांकडे पाहिलं, तर ते माझ्याकडेच पाहत होते, आणि त्यांनी नजर काढून घेतली नाही.